मरणाआधीचा पुरावा

मागे एकदा फर्दापुरात एक बाप माझ्याकडे तक्रारअर्ज घेऊन आला. शिकायला वसतिगृहात गेलेली त्याची मुलगी जिवंत परतली नव्हती. अर्जात एकच ओळ होती : 'माझ्या मुलीला जातीवरून छळून मरायला लावले.' "सर, एवढं पुरं ना?" त्याने विचारले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्यामुळे कायदाही मला कळत असणार, असे वस्तीला वाटते. मला तो कळत नव्हता. त्या दिवसानंतर जे वाचले, ते कार्यकर्त्यांसाठी येथे मांडतो.

आत्महत्येस अपप्रेरणा देणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ मध्ये आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. अपप्रेरणा तीन प्रकारची : चिथावणी, कट आणि हेतुपुरस्सर साहाय्य. म्हणजे छळ झाला एवढे सिद्ध करून भागत नाही. आरोपीची कृती, तिच्यामागचा हेतू आणि ते मरण यांना जोडणारा धागा न्यायालयाला दिसावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली रमेश कुमार खटल्यात दोन गोष्टी सांगितल्या. परिणामाचा हेतू नसताना रागाच्या भरात उच्चारलेला शब्द ही चिथावणी नव्हे. मात्र सततच्या वर्तनाने माणसापुढे दुसरा मार्गच उरू दिला नाही, तर चिथावणीचा निष्कर्ष काढता येतो. २००२ च्या संजू सेंगर खटल्यात 'जा, मर' असे म्हटल्याचा आरोप होता; मृत्यू दोन दिवसांनी झाला होता. खटला रद्द झाला.

एक शब्द आणि सततचे वर्तन यांतला हा फरक आपल्याला नीट कळला पाहिजे. जातीचा छळ बहुधा रोज थोडा थोडा होतो. एकेक टोमणा सुटा काढला तर तो 'रागाचा शब्द' ठरतो. तारखेनिशी ओळीने मांडला तर वर्तन दिसू लागते.

जळगावकडची तडवी भिल्ल समाजातली डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर कलम ३०६, अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि रॅगिंगविरोधी कायदा लावला गेला. त्यांनी आरोप नाकारले. पायलच्या मोबाइलमध्ये चिठ्ठीची छायाचित्रे मिळाल्याचे तपासातून पुढे आले. अशी चिठ्ठी किंवा आधीची पत्रे पुराव्यात घेता येतात. बीडकडे माहेर असलेल्या विवाहितेच्या पुण्यातील मृत्यूच्या खटल्यात, शरद सारडा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तिची पत्रे ग्राह्य धरली. तरी आरोपी सुटला. कागद ग्राह्य होणे वेगळे आणि गुन्हा सिद्ध होणे वेगळे.

म्हणून सारा भार ३०६ वर टाकू नये. जातीवरून चारचौघांदेखत केलेला अपमान हा अत्याचार कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी कोणी मरावे लागत नाही. मात्र तो लोकांच्या नजरेसमोर घडल्याचे दाखवावे लागते. शब्द, जागा, तारीख आणि ऐकणारे लिहून ठेवा.

आणि महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा वाचा. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे. ती टाळली तर त्यानेच अपप्रेरणा दिली, असे हा कायदा धरतो. कलम ३०६ खाली ज्या मौनाचा हेतू शोधत बसावे लागते, त्या मौनाला हा कायदा सरळ गुन्हा म्हणतो. अट एकच : तक्रार लेखी हवी. ती विद्यार्थी, पालक किंवा शिक्षकही करू शकतो.

शिक्षकही, हा शब्द मी दोनदा वाचला. त्या बापाचा अर्ज आम्ही रात्री बसून पुन्हा लिहिला. मुलीने घरी केलेले फोन, सांगितलेली नावे, तारखा आठवून आठवून. अनेक तारखा त्याला आठवल्या नाहीत. त्या तिच्या जिवंतपणी कोणीतरी, बहुधा माझ्यासारख्याच एखाद्या शिक्षकाने, लिहून ठेवायला हव्या होत्या.