गळका मलनळ

चेन्नईतील मैलापूर मराठी माणसाला अगदीच परके नाही. तंजावरच्या मराठी समाजातून पुढे आलेले व बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्रालाही ठाऊक असलेले सर टी. माधवराव यांचे १८९१ साली येथेच निधन झाले. समुद्रालगतच्या या वस्तीत जमीन बरीचशी रेताड, आणि जुन्या घरांच्या अंगणात विहीर. अशा घरी शौचकूपाचा नळ गळू लागला, तर प्रश्न केवळ दुर्गंधीचा राहत नाही.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ उसळली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी तेथील पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले. पुढे खणून पाहता शेजारच्या घराचा मैल्याचा हौद पाझरत असल्याचे आढळले. विहीर तेथून तीन फूटही दूर नव्हती.

म्हणून गळतीचे मूळ प्रथम शोधावे. ओल सतत असेल, तर दोष बहुधा स्वच्छ पाण्याच्या नळाचा किंवा टाकीचा. पाणी सोडल्यावरच थेंब पडत असतील, तर मलनळाचा. नळ कोरडा पुसून भांड्यात रंगीत पाणी ओतावे आणि वरून खाली सांधे पाहत यावे. थेंब खाली पडतो, पण त्याचा उगम वर असू शकतो.

बिडाच्या जुन्या नळाचे सांधे ताग व शिसे ठासून भरलेले असतात. ते सैल झाल्यास शिसे पुन्हा ठोकून बसवावे लागते. हे काम जाणत्या कारागिराचे. पीव्हीसीच्या नळावर बाहेरून सिमेंट थापणे व्यर्थ, कारण ते त्याला धरून राहत नाही. सांध्यात रबरी कडे असेल, तर ते बदलावे. नळ तडकला असेल, तर तेवढा तुकडा कापून नवा घालावा. चिकटवायच्या दोन्ही बाजू स्वच्छ व कोरड्या करून द्राव लावावा, आणि डब्यावर लिहिलेला अवधी संपेपर्यंत पाणी सोडू नये. नळ तुंबला असेल, तर आधी तो मोकळा करावा. नाहीतर नवा सांधाही साचलेल्या पाण्याच्या दाबाखाली राहील.

हातमोजे घालावेत, काम संपताच जागा ब्लीचिंग पावडरने धुवावी. गटाराच्या खड्ड्यात मात्र कोणी उतरू नये व कोणास उतरवू नये. तेथील विषारी वायू क्षणात जीव घेतो, आणि माणसाला संरक्षणाविना असे उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरते.

नळ दुरुस्त झाला, तरी विहिरीचे पाणी तपासून निर्दोष ठरेपर्यंत पिऊ नये.