सागरी मत्स्यालयातील माशांचे अन्नग्रहण

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात नव्याने आणलेला मासा पुष्कळदा अन्न घेत नाही. शोभिवंत सागरी मासे पाळण्यातील ही एक गंभीर अडचण असून तीमुळे निरोगी दिसणारा मासाही काही आठवड्यांत उपासमारीने मरू शकतो. अशा माशास ‘चोखंदळ’ म्हटले जाते. परंतु त्याचा नकार बहुधा लहरीपणाचा नसतो. मुखाची रचना, नैसर्गिक आहार आणि नव्या परिसराचा ताण ही त्याची मुख्य कारणे होत.

नैसर्गिक आहार : फुलपाखरी माशांपैकी काही जाती जवळजवळ केवळ प्रवाळांचे पॉलिप खातात. ताम्रपट्टी फुलपाखरी मासा (किलमॉन रॉस्ट्रॅटस) आपल्या लांब तुंडाने खडकांच्या फटींतील कृमी व लहान कवचधारी प्राणी टिपतो. मँडरिन मासा दिवसभर खडकांवरील सूक्ष्म कोपेपोड वेचत असतो. घोडामाशाला दात व जठर नसल्याने तो नळीसारख्या मुखाने भक्ष्य शोषून घेतो व त्याला वारंवार खावे लागते. सिंहमासा हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालतो. अशा माशांना पाण्यावर तरंगणारे कोरडे अन्न हे अन्न म्हणून ओळखूच येत नाही.

कारणांचा शोध : प्रवासानंतर पहिले दोन-तीन दिवस माशाने अन्न न घेणे स्वाभाविक असते. त्यानंतरही नकार टिकल्यास प्रथम पाणी तपासतात. प्रवाळभित्तीवरील माशांना दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार आणि २४° ते २७° से. तापमान मानवते, पाण्यात अमोनिया मुळीच नसावा. परजीवींचा प्रादुर्भाव, लपण्यास जागेचा अभाव व आक्रमक सोबती यांमुळेही मासा खाणे सोडतो. पोट खपाटीला जाणे व डोक्यामागील पाठीचा भाग बारीक होणे ही उपासमारीची लक्षणे आहेत.

उपाय : मासा वेगळ्या टाकीत, मंद प्रकाशात ठेवून त्याला प्रथम त्याच्या नैसर्गिक आहाराशी जुळणारे जिवंत अन्न देतात. तिसऱ्यांसारखे शिंपले अर्धवट उघडून तळाशी ठेवल्यास ताम्रपट्टी मासा त्यांतील मांस टोचू लागतो. सिंहमाशासमोर कोळंबीचा तुकडा पातळ काडीला लावून हलवितात. मासा नियमित खाऊ लागला की जिवंत अन्नात गोठविलेले अन्न मिसळून त्याचे प्रमाण क्रमाने वाढवितात. मुळातच चांगला खाणारा शांत मासा सोबत असल्यास त्याचे पाहून नवा मासाही खाऊ लागतो. अन्न थोडे थोडे, दिवसातून अनेकदा द्यावे आणि उरलेले लगेच काढावे. ते कुजल्यास पाणी दूषित होते व मासा पुन्हा खाणे सोडतो.

कृष्णा-पंचगंगा संगमावरील नृसिंहवाडीसारख्या (जि. कोल्हापूर) समुद्रापासून दूरच्या गावी सागरी पाणी कृत्रिम क्षारांपासून तयार करावे लागते. तेथे जिवंत अन्नाची अडचण विशेष जाणवते. गोड्या पाण्यातील पाणपिसवा खाऱ्या पाण्यात लवकर मरतात, तर गोड्या पाण्यातील लहान मासे दीर्घकाळ खाऊ घातल्यास सागरी माशांना आवश्यक मेदाम्ले पुरेशी मिळत नाहीत. आर्टेमियाची सुप्त अंडी मात्र कोरड्या स्थितीत साठविता येतात. खाऱ्या पाण्यात, सुमारे २८° से. तापमानास व हवेचा पुरवठा असताना ती २४ ते ३६ तासांत उबतात. नुकतेच बाहेर पडलेले, सुमारे अर्धा मिमी. लांबीचे डिंभ अधिक पौष्टिक असतात. वाढलेल्या आर्टेमियांना देण्यापूर्वी पोषक तेलयुक्त खाद्य खाऊ घालतात.

निवड व संरक्षण : मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे अनेकांना सागरी मासे जवळून पाहता आले. मात्र दिसण्यातील सौंदर्य हा माशाच्या निवडीचा पुरेसा निकष नव्हे. काही देशांत सायनाइड वापरून पकडलेल्या माशांच्या अंतर्गत इंद्रियांना इजा झालेली असते. उत्तम अन्न देऊनही त्यांतील अनेक दगावतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये २००१ पासून भारतात घोडामाशांना व प्रवाळांना संरक्षण असल्याने ते पकडणे बेकायदेशीर आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण येथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. याउलट विदूषक माशांसारख्या जातींचे बंदिस्त प्रजनन होत असून अशी पिले आरंभापासून तयार अन्नाला सरावलेली असतात. म्हणून नवोदिताने अशा जातींची निवड करावी, विकत घेण्यापूर्वी मासा खाताना पाहावा आणि केवळ प्रवाळांवर जगणाऱ्या जाती समुद्रातच राहू द्याव्यात, हे इष्ट होय.