खाडीकाठचा कायदा

लोट्याच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळच्या खाडीतील मासळी घटली, ही मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालातही या प्रदूषणाची दखल घेतलेली आढळते. याच्याशी आंतरराष्ट्रीय कायद्याचा संबंध काय, असे विधी महाविद्यालयातील विद्यार्थी विचारील. संबंध निकटचा आहे. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९९६ मध्ये वेल्लोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करील तो भरील’ आणि सावधगिरी ही तत्त्वे देशाच्या कायद्याचाच भाग ठरविली. सिद्धतेचा भारही उद्योगावर टाकला. २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्याच्या विसाव्या कलमात ही तत्त्वे आली.

परंतु ती केवळ पाठ करून काय उपयोग? अनेक कारखान्यांपैकी जबाबदार कोणता, पाण्याचा नमुना कोणी व कोठे घ्यावा, बुडालेल्या मासेमारीची भरपाई कोणत्या हिशेबाने मागावी, हे खरे प्रश्न आहेत. अभिरूप न्यायालय अभ्यासक्रमात आहेच. तेथे काल्पनिक राष्ट्रांच्या तंट्याऐवजी लोट्याचा प्रश्न मांडावा. अर्ध्या वर्गाने मच्छीमारांची, अर्ध्याने कारखानदारांची बाजू घ्यावी. उद्या त्या खाडीकाठच्या माणसाला वकील लागेल, तो याच वर्गातून यावयाचा आहे.