साहेब गेला, परवाना राहिला!

कीचक पुराणातला, सैरंध्रीही पुराणातली. पण खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला. सरकारनेही तो ओळखला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली! परक्यांच्या राज्यात असे व्हायचेच, असे आपण म्हणतो. परंतु राज्य आपले झाले म्हणजे रंगभूमी मोकळी होते का?

परकी सत्ता गेलेल्या देशांतील नाट्याचे इतिहासकार नेमका हाच प्रश्न विचारतात. नुसती संहिता वाचून त्यांचे भागत नाही. नाटक कोणत्या भाषेत झाले, थिएटर कोणी बांधले, तिकीट कोणाला परवडले आणि परवाना कोणाच्या हाती होता, हे सारे ते धुंडाळतात. या अभ्यासात आफ्रिकेतील एक गाव पुन्हा पुन्हा भेटते: केनियातील लिमुरूजवळचे कामिरीथू.

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. नैरोबीत नॅशनल थिएटर होते, पण ते १९५२ मधले, गोऱ्यांच्या अमदानीतले. कामिरीथूच्या शेतमजुरांना त्याचा काय उपयोग? १९७७ साली त्यांनी गावातच उघडे नाट्यगृह उभारले. दोन हजार माणसे बसतील एवढे! न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी गावच्या गिकुयू भाषेत नाटक लिहिले. नाव 'मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन' अशा अर्थाचे. नाव प्रहसनाचे वाटते. गोष्ट मात्र गरिबाची दीड एकर जमीन धनिकाच्या घशात जाण्याची. नट गावचेच, आणि भाषा चुकली की गावकरीच लेखकांना दुरुस्त करीत!

२ ऑक्टोबरला पहिला प्रयोग झाला. १६ नोव्हेंबरला परवाना रद्द! वर्षाच्या शेवटच्या दिवशी थिओंगोंना अटक झाली. खटला न चालवता त्यांना जवळजवळ वर्षभर तुरुंगात ठेवले. तिथे त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. १९८२ च्या मार्चमध्ये तर पोलिसांनी नाट्यगृहच जमीनदोस्त केले. यातला एकही हुकूम लंडनहून आला नव्हता.

केनियाला हसण्याचे कारण नाही. नाटकांना वेसण घालणारा इंग्रजांचा १८७६ चा कायदा आपल्या केंद्रीय कायद्यांतून निघाला तो २०१८ मध्ये!

थिओंगो २०२५ साली वारले. त्याआधी, २०२२ मध्ये, ते नाटक नैरोबीत पुन्हा रंगले होते. परवाना रद्द केल्याची नोंद सरकारी दप्तर जपून ठेवते. गावकऱ्यांनी कोणता शब्द बदलून दिला, याची नोंद तिथे नसते. ती शोधून ठेवणारा कोणी नसेल, तर पाडलेल्या नाट्यगृहाची हकीकत सांगायला पाडणाराच तेवढा उरतो. नाट्येतिहासकाराचे मोल आहे ते इथे.