दुपारी एक वाजता फ्रान्स

फ्रान्समध्ये दुपारी एकच्या ठोक्याला निम्मे लोक जेवत असतात. २०१० च्या सरकारी पाहणीत माणूस दिवसाचा वेळ कशात घालवतो याची नोंद घेतली गेली, तेव्हा हे चित्र दिसले. त्याच पाहणीनुसार फ्रेंच माणसाचे दिवसाला सरासरी २ तास २२ मिनिटे खाण्यापिण्यात जातात. १९८६ च्या मानाने हा वेळ १३ मिनिटांनी वाढलेलाच आहे. कामाची घाई सगळीकडे वाढली, तरी ताटापुढचा वेळ तिने खाल्ला नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

सकाळचे खाणे मात्र अगदी हलके असते. कान नसलेल्या मोठ्या वाडग्यात दूधकॉफी आणि सोबत 'तार्तीन', म्हणजे उभा चिरून लोणी-मुरंबा लावलेला 'बागेत' हा लांब पाव. तो वाडग्यात बुडवून खातात. कॉफीवर लोण्याचे तवंग येतात आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. या खाण्याचे नाव 'प्ती देज्यने', म्हणजे 'छोटे देज्यने'. 'देज्यने' या शब्दाचा मूळ अर्थ उपास सोडणे. पूर्वी सकाळच्याच खाण्याला तो लावत. पुढे पॅरिसमध्ये जेवणाच्या वेळा पुढे सरकत गेल्या, तो शब्द दुपारच्या जेवणाला चिकटला आणि सकाळच्या वाट्याला 'छोटे' आले. बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि क्युबेकमध्ये मात्र देज्यने म्हणजे अजूनही न्याहारीच.

दुपारचे जेवण बारा ते दोनच्या दरम्यान. लहान गावांत या वेळेत दुकानांना कुलूप असते. कामाच्या जागी कामगारांना जेवू देण्यास फ्रेंच कामगार कायद्यात मनाई आहे. १८९४ साली कारखान्यांतली धूळ आणि विषारी द्रव्ये पोटात जाऊ नयेत म्हणून हा नियम आला. २०२१ मध्ये साथीमुळे तो तात्पुरता शिथिल करावा लागला. नियम आरोग्यासाठी असला, तरी त्यामुळे माणूस टेबल सोडून उठतो आणि सहकाऱ्यांबरोबर जेवायला बसतो, हा त्याचा मोठा लाभ. ज्या कंपनीत खानावळ नसते, तिथे बहुधा जेवणाची कुपने मिळतात. त्यांचा निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त भार मालक उचलतो.

फ्रेंच जेवणाचे मर्म क्रमात आहे. सगळे पदार्थ एकदम वाढत नाहीत. आधी 'आंत्रे', म्हणजे किसलेले गाजर, सूप किंवा थंड मांसाचा काप. मग मुख्य पदार्थ, मग चीज, शेवटी गोड किंवा फळ. रोज चारही पायऱ्या होतात असे नाही, पण एखादी गाळली तरी क्रम उलटत नाही. हिरवी पानेही मुख्य पदार्थानंतर येतात. त्यांचे कालवण सॅलडच्या भांड्याच्या तळाशीच करतात: थोडी मोहरीची चटणी, मीठ, एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग तेल. पाने वर ठेवून देतात आणि अगदी वाढायच्या वेळी खालीवर करतात, नाहीतर ती मलूल होतात. या खालीवर करण्याला फ्रेंचमध्ये सॅलडला 'दमवणे' म्हणतात.

चीजचीही रीत आहे. गोल कामांबेर केकसारखे मध्यापासून कापतात. ब्रीच्या तिकोनी तुकड्याचे टोक कोणी एकट्याने कापून घेत नाही, कारण मधला मऊ गर तिथेच असतो. तुकडा लांबीच्या दिशेने कापला की प्रत्येकाला गरही मिळतो आणि सालही. वाटून खाण्याचा संस्कार तो याहून वेगळा काय असणार!

पाव सगळ्या जेवणभर असतो. घरगुती जेवणात तो बशीत नाही, थेट टेबलावर ठेवतात, हाताने मोडतात आणि त्याने रस्सा पुसून घेतात. 'परंपरागत' म्हणून विकायच्या पावात कोणतेही कृत्रिम मिश्रण चालत नाही आणि तो गोठवताही येत नाही, असा १९९३ चा सरकारी हुकूम आहे.

दुपारी साडेचारचा 'गूते' हा मुलांचा खाऊ. मोठ्यांनी अधूनमधून चरत राहणे तिथे चांगले मानत नाहीत. रात्रीचे जेवण साडेसात-आठला, दुपारपेक्षा साधे: सूप, अंडी किंवा पास्ता, मग चीज नाहीतर दही. 'अ ताब्ल!', म्हणजे 'जेवायला चला!', अशी हाक आली की घरचे सगळे जमतात आणि सर्वांना वाढल्याशिवाय कोणी घास घेत नाही.

सगळे काही जसेच्या तसे टिकले आहे असे नाही. शहरांत हॅम आणि लोणी घातलेला अर्धा 'बागेत' पाव चालता चालता खाणारे पुष्कळ दिसतात, तरुण मंडळी सकाळचे खाणे टाळतात आणि अनेक घरांत रात्री जेवताना टीव्ही चालू असतो. वाइन तर फारच घटली आहे: १९६० च्या सुमारास माणशी वर्षाला शंभर लिटरच्या वर खपत होती, आता त्याच्या निम्मीही नाही. तरी २०१० मध्ये युनेस्कोने आपल्या वारशाच्या यादीत फ्रेंच माणसाचे सणासमारंभाचे जेवण घेतले, ते कोण्या एका पदार्थासाठी नव्हे. एकत्र बसून क्रमाने जेवण्याच्या रीतीसाठी.

रात्री उरलेला पाव सकाळपर्यंत कडक होतो. तो दूध-अंड्यात भिजवून लोण्यावर परततात आणि साखर भुरभुरून खातात. त्याचे नाव 'पँ पेर्द्यू', म्हणजे वाया गेलेला पाव.