लसूणघासाचे पोषण आणि जमिनीचा स्वभाव

खताची गोणी रिकामी झाली म्हणजे पिकाचे पोषण झाले, हा समज आपल्या बागाईतदारांत इतका दृढमूल आहे की, जमिनीत पडलेले द्रव्य आणि मुळांनी प्रत्यक्ष उचललेले द्रव्य यांत केवढे अंतर असते याचा विचार सहसा होत नाही. आणि हे अंतर लसूणघासाइतके स्पष्टपणे दाखविणारी पिके थोडीच असतील. एकदा पेरलेला घास तीन-चार वर्षे उभा राहतो, वरचेवर कापणीला येतो, आणि त्याच्या एक टन वाळल्या चाऱ्याबरोबर सुमारे 25 ते 30 किलो नत्र, जवळजवळ तितकेच पालाशद्रव्य, दहा-पंधरा किलो कॅल्शियम आणि अवघे अडीच-तीन किलो स्फुरद शेताबाहेर जाते.

यांपैकी नत्राची चिंता घास बहुतांशी स्वतःच वाहतो. हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886 ते 1888 या काळात सिद्ध केले की, द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. गाठी धरेपर्यंत थोडे नत्र उपकारक ठरते, परंतु पुढेही युरियाचा मारा चालू ठेवल्यास गाठी शिथिल होतात आणि जे फुकट मिळाले असते त्याचेच दाम शेतकरी मोजीत बसतो.

स्फुरदाची कथा याहून गुंतागुंतीची, आणि ती जमिनीगणिक बदलते. हे द्रव्य मातीत काही मिलिमीटरांपलीकडे क्वचितच सरकते. त्यामुळे दीर्घायुषी घासाला ते पेरणीपूर्वीच मुळांच्या थरात मिसळून द्यावे लागते, कारण पीक उभे राहिल्यावर ती सोय उरत नाही. दख्खनच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बद्ध होते. कोकणच्या जांभ्या, आम्ल मातीत तेच लोह व अॅल्युमिनियम यांच्या ताब्यात जाते. काळ्या मातीत पालाशाचा साठा बहुधा समाधानकारक असतो, पण सामू चढा असल्याने जस्त व लोह दुर्मीळ होतात, आणि स्फुरदाची मात्रा बेसुमार वाढविली तर जस्ताचे शोषण आणखी घटते. जांभ्या मातीची अवस्था उलट: तेथे विद्राव्य अॅल्युमिनियम मुळांची टोकेच जायबंदी करते, गाठींचे जिवाणू तग धरीत नाहीत, मॉलिब्डेनम बांधले जाते आणि पावसाच्या धारांबरोबर पालाश वाहून जाते, म्हणून अशा ठिकाणी चुन्याची तरतूद केल्यावाचून नुसत्या रासायनिक खतावर खर्च करणे मला तरी व्यर्थ वाटते. मात्र चुना अतिरेकी पडल्यास बोरॉनची टंचाई होऊन घासाचे शेंडे पिवळे पडतात, हेही विसरता कामा नये.

हलक्या मुरमाड जमिनीत प्रश्न गंधकाचाही आहे. साध्या सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे 16 टक्के स्फुरदासोबत 11 ते 12 टक्के गंधक असते. डायअमोनियम फॉस्फेटमध्ये 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद असले तरी गंधक जवळजवळ नाही. नवे खत आले आणि जुन्याबरोबर नकळत मिळणारे द्रव्य शेतातून हळूहळू नाहीसे झाले, याची दखल शिफारशींच्या दप्तरात फार उशिरा घेतली गेली, याचे मला वाईट वाटते.

कालव्याखालच्या खारवट-चोपण जमिनींची हकीकत वेगळी. कृषिशास्त्रज्ञ डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच नीरा खोऱ्यातील अशा जमिनींचा अभ्यास केला होता. तेथे सोडियम पालाशाच्या शोषणात अडथळा आणते, आणि मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता 2 डेसिसीमेन्स प्रतिमीटरच्या वर गेली की उत्पन्न घटू लागते. निचरा सुधारून, जिप्सम घालून सोडियम निघून गेल्याखेरीज पालाश दिल्याचा फारसा उपयोग होत नाही.

पालाशाची आणखी एक खोड सांगितली पाहिजे: ते मुबलक मिळाले की घास गरजेपेक्षा अधिक उचलतो, आणि हे विलासी शोषण उत्पन्नात न उतरता पहिल्या एक-दोन कापण्यांबरोबरच गोठ्यात निघून जाते. म्हणून ते एकदम न देता कापण्यांनंतर विभागून द्यावे, आणि केवळ मातीच्या परीक्षणावर न विसंबता फुलोरा सुरू होताना शेंड्याकडील भाग तपासावा. त्यात स्फुरद 0.26 टक्क्यांहून व पालाश 2 टक्क्यांहून कमी आढळल्यास त्या जमिनीत दिलेले खत मुळांपर्यंत पोहोचण्यात कोठे अडले, याची चौकशी तेथूनच सुरू करावी.