औषध आपल्या घरातलं (लेखांक ७) : गॅसची गोळी कधी, किती आणि कुठवर?

गेल्या आठवड्यात दुखीच्या गोळ्यांबद्दल लिहिलं, तेव्हाच त्यांच्या सोबतिणीचा विषय घ्यायचं ठरवलं होतं. सोयाबीनच्या सोंगणीत कंबर धरली म्हणून मेडिकलवर गोळी मागितली की पुडीत बरेचदा दुसरीही येते, गॅसची. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही तिची नावं. खरं तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायची गोळी आहे.

पोटात आधीच तयार झालेल्या आम्लाला ही गोळी काही करत नाही. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात. जेवणासोबत ते चालू होतात आणि ही गोळी फक्त चालू पंपच बंद पाडते. म्हणून ती सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. आपल्याकडे उलटं होतं. रात्री ठेचा-भाकर खाल्ली, छातीत आग उठली, मग गोळी. तेव्हा तिचा गुण येत नाही, म्हणून लगेच दुसरी. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात, एवढं कुणी समजावून सांगितलं तर ती दुसरी गोळी वाचेल. आणि ती चावू किंवा कुटू नका. वरचं आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवतं.

नेहमीच्या जळजळीला मोठ्या माणसाला पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, साधारण ४ ते ८ आठवडे पुरते. काही अल्सरमध्ये डॉक्टर दोनदाही देतात. वयस्कर माणसाला रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत ती मुद्दाम चालू ठेवलेली असू शकते; तिथे आपल्या मनानं बंद करू नये. बाकीच्यांनी मात्र 'कुठवर घ्यायची?' हे पहिल्याच दिवशी विचारावं. कित्येक महिने घेऊन एकदम सोडली तर काही दिवस आम्ल उसळतं, आजार परत आला असं वाटतं आणि गोळी पुन्हा सुरू होते. डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतात. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं.

मला जास्त काळजी आहे ती शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्याची. तिथल्या गावांत किडनीचे रुग्ण बरेच आहेत. ते या गोळीमुळे झाले असं मी म्हणत नाही. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये देशाच्या औषध नियंत्रकांनी या गोळ्यांच्या माहितीपत्रकात किडनीला अचानक इजा होऊ शकते, असा इशारा छापायला सांगितला. ही इजा विरळ आहे, तरी किडनी आधीच थकलेली, उन्हात पाणी कमी, वर दुखीची गोळी, असं सगळं एकत्र आलं तर धोका वाढतो. अशा माणसानं जळजळीसाठी पांढरं पातळ औषध किंवा खायचा सोडाही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. त्यातलं मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम किंवा सोडियम अंगात साठतं.

काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन उतरणं यांपैकी काहीही दिसलं तर गोळीनं दाबू नका, डॉक्टरांना दाखवा. छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर गॅस समजून वाट पाहू नका. त्याच क्षणी १०८ ला फोन लावा.